प्रस्तावना : त्वरक कागदावर आणि जमिनीवर

कर्करोगाच्या उपचारासाठी लिनॅक, म्हणजे रेषीय त्वरक, घ्यायचे ठरले, की वऱ्हाडात सर्वांत आधी बोलवावा तो माती तपासणारा. यंत्र कोणत्या कंपनीचे, किती ऊर्जेचे, किंमत किती कोटी, हे मागाहून पाहता येते. ज्या खोलीत हे यंत्र बसते तिची एक मुख्य भिंत चार मीटर रुंद, चार मीटर उंच आणि दोन मीटर जाड धरली तर ३२ घनमीटर काँक्रीट होते, म्हणजे सुमारे ७५ टन. समोर तशीच दुसरी भिंत, वर तेवढ्याच जाडीचा छताचा पट्टा, शिवाय उरलेल्या भिंती आणि आत शिरायची वळणाची वाट. हा सगळा भार पेलायचा पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीने. ही माती पावसाळ्यात फुगते आणि वैशाखात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. कपाशीला ती मानवते. लिनॅकचे तसे नाही. त्याचा काही टनांचा हात रुग्णाभोवती पूर्ण फेरा मारतो आणि प्रत्येक कोनातून किरणझोत एकाच बिंदूतून जावा लागतो; चूक खपते ती मिलिमीटरभर.

मातीनंतर पाणी. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा गेला आहे. तिथल्या बोअरचे पाणी पिकाला जसे सोसत नाही तसेच ते यंत्राची उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांनाही सोसत नाही. क्षार बसत जातात आणि नळ्या आतून बुजतात. मग ऊन. त्वरकाची नळी तांब्याची असते आणि तांबे दर अंशाला दहा लाखांत १७ भाग वाढते. ऐकायला क्षुल्लक वाटते. पण नळी ३,००० मेगाहर्ट्झवर चालत असेल तर तापमानाच्या एका अंशामागे तिची कंप्रता सुमारे ५० किलोहर्ट्झने सरकते. डिसेंबरच्या पहाटेचे १० अंश आणि मेच्या दुपारचे ४५, हा फरक नळीपर्यंत पोहोचू दिला तर ती पावणेदोन मेगाहर्ट्झने बेसूर होईल, आणि तिला झेपतात काही शे किलोहर्ट्झ. म्हणून नळीभोवतीचे पाणी एकाच तापमानाला धरून ठेवतात, काही यंत्रांत ४० अंशांच्या आसपास. थंड मुलखात बाहेरची हवा बारा महिने त्याहून गार, त्यामुळे उष्णता बाहेर टाकणे सोपे. अकोल्यात मे महिन्यात बाहेरची हवाच ४५ अंश असते. उष्णता टाकायची कुठे? चिलर लागतो, चिलरला वीज लागते, वीज गेली तर जनरेटर लागतो आणि जनरेटर सुरू होईपर्यंतच्या अर्ध्या मिनिटाचाही विचार कोणीतरी आधी करून ठेवावा लागतो.

माती, पाणी, ऊन आणि वीज. त्वरकावरच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत या चौघांना मिळून एखादा परिच्छेद मिळतो. या पुस्तकात त्यांना एक अख्खे प्रकरण आहे, तेही शेवटी परिशिष्टासारखे चिकटवलेले नाही, तिसरे आहे. लेखकाने हस्तलिखित पाठवले तेव्हा मी ते प्रकरण आधी वाचले आणि प्रस्तावना लिहायला होकार दिला.

पुस्तक कोणासाठी, तर संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींसाठी. हे विद्यापीठ १९८३ चे. पण वऱ्हाडातले विज्ञानशिक्षण त्याहून जुने आहे. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे पुढचे विदर्भ महाविद्यालय, १९२३ साली सुरू झाले. शंभर वर्षे आपण विद्युतक्षेत्र आणि चुंबकक्षेत्र फळ्यावर शिकवतो आहोत, आणि शिकलेली मुले पुण्या-मुंबईच्या गाडीत बसवून देतो आहोत. त्वरक बांधायला कोटी कोटी रुपये लागतात हे खरे. त्वरकाचा विचार करायला लागत नाहीत. तो विचार ज्या संगणकप्रणालींतून होतो त्यांतल्या बऱ्याच आज फुकट मिळतात, आणि बरा लॅपटॉप असलेला विद्यार्थी अकोल्यातल्या खोलीवर बसून इलेक्ट्रॉन धावडवू शकतो. अट एकच. संगणकाने सांगितलेले कुठेतरी मोजून पाहिले पाहिजे. या पुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येक उदाहरणाच्या शेवटी लेखक ही अट पुन्हा घालतो.

त्वरक म्हणजे काय हे पहिल्या प्रकरणात नीट आले आहे, म्हणून इथे थोडक्यात. विद्युतभारित कण विद्युतक्षेत्रात सापडला की धावतो. जितक्या व्होल्टमधून गेला तितकी त्याची ऊर्जा. सरळ उपाय म्हणजे तितके व्होल्ट उभे करणे. कुलाब्याला टीआयएफआरच्या आवारात १९८८ च्या अखेरीस सुरू झालेला पेलेट्रॉन असे १४० लाख व्होल्ट उभे करण्यासाठी बांधला गेला. त्यासाठी उंच मनोरा आणि दाबाखाली कोंडलेला सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू लागतो. असला मनोरा आजारी माणसाभोवती फिरवता येत नाही. यातून सुटका करणारी युक्ती नॉर्वेच्या रॉल्फ विडेरोने जर्मनीत आखेन येथे १९२८ साली करून दाखवली: थोडेच व्होल्ट, पण तेच पुन्हा पुन्हा वापरायचे.

आजच्या लिनॅकमध्ये तांब्याच्या वाट्या एकीपुढे एक जोडलेल्या असतात आणि त्यांत मॅग्नेट्रॉनने तयार केलेल्या सूक्ष्मलहरी कोंडलेल्या असतात. ३,००० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी १० सेंटिमीटर. क्षेत्राची दिशा पलटेपर्यंत प्रकाशाच्या वेगाने जाणारा इलेक्ट्रॉन ५ सेंटिमीटर गेलेला असतो, म्हणून वाटीची लांबी ५ सेंटिमीटर. हे झाले पुढच्या वाट्यांचे. इलेक्ट्रॉन गनमधून ५० हजार व्होल्टच्या जोरावर निघालेला इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या ४१ टक्के वेगाने येतो. त्याला ५ सेंटिमीटरची वाटी लांब पडते, दोनची लागते. पाच लाख व्होल्ट पोटात गेले की तो ८६ टक्क्यांवर जातो, आणि साठ लाखांवर ९९.७. त्यानंतर वेग वाढायला जागाच उरत नाही, ऊर्जा तेवढी वाढते. थोडक्यात, नळीची खरी परीक्षा पहिल्या दोन-तीन वाट्यांत होते. पेरणीला वाफसा गाठावा लागतो तसे इलेक्ट्रॉनला प्रत्येक वाटीत ठरल्या क्षणी पोहोचावे लागते; उशिरा आलेला मागे रेटला जातो, कधी भिंतीवर आदळतो आणि तांबे तापवतो. त्या दोन-तीन वाट्यांची लांबी, भोकाचा व्यास, कडांची गोलाई ठरवण्यातच आराखडा करणाऱ्याचे महिने जातात. सगळी नळी मिळून जेमतेम फूटभर असते.

नळीच्या टोकाला टंगस्टनचा तुकडा. त्यावर इलेक्ट्रॉन आपटले की त्यांची बरीचशी ऊर्जा उष्णता होते आणि थोडी क्ष-किरण होऊन बाहेर पडते. त्या थोडक्यासाठीच सगळा खटाटोप. पुढे झोत सपाट करणारी गाळणी, जबडे, आणि गाठीच्या आकाराप्रमाणे पुढेमागे सरकणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या.

इतिहास लेखकाने रंगवून सांगितला आहे. मला त्यातला आपला भाग महत्त्वाचा वाटतो. मेघनाद साहांनी कोलकात्यात सायक्लोट्रॉन बांधायला घेतला तेव्हा दुसरे महायुद्ध सुरू होते. देशातला मोठा सायक्लोट्रॉन त्याच शहरात १९७७ साली चालू झाला. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ ही दोन इलेक्ट्रॉनांची वर्तुळे आहेत; दुसऱ्याची ऊर्जा २.५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट. अकोल्याच्या माणसाला इंदूर परके नाही, खंडवा-महूकडे जाणारी मीटरगेज गाडी दहाएक वर्षांपूर्वीपर्यंत इथूनच मेळघाटाच्या जंगलातून जात होती. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत २७ किलोमीटरच्या बोगद्यात १,२३२ मोठी वळणचुंबके आहेत, प्रत्येक १५ मीटर लांब, ३५ टन वजनाचे. ती केसाच्या जाडीइतक्या नेमकेपणाने जागेवर बसवायला जे जॅक लागले, त्यातले सुमारे ७,००० याच इंदूरच्या केंद्राने भारतात करवून घेतले. हिग्ज कणाची बातमी आपण सगळ्यांनी वाचली. चुंबकांखालच्या जॅकची फारशी कोणी वाचली नाही.

जगात आज तीस हजारांहून जास्त त्वरक चालतात आणि त्यांतले अगदी थोडे मूलभूत संशोधनासाठी आहेत. बाकीचे कारखान्यांत आणि रुग्णालयांत. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात १९५३ साली आणि अमेरिकेत स्टॅनफर्डला १९५६ साली लिनॅकवर रुग्णांचे उपचार सुरू झाले. आपल्याकडे टीआयएफआरमध्ये १९७७ साली सूक्ष्मलहरींच्या उपकरणांसाठी एक विभाग निघाला; १९८४ साली त्याची 'समीर' नावाची स्वतंत्र संस्था झाली, पवईला आयआयटीच्या आवारात. या संस्थेने चंदीगडच्या दोन संस्थांबरोबर मिळून ४० लाख व्होल्टचा देशी लिनॅक केला आणि १९९० च्या सुमारास तो तिथल्या पीजीआय रुग्णालयात लागला. पुढे 'जय विज्ञान' मोहिमेत ६० लाख व्होल्टची यंत्रे झाली. त्यांतले एक बसले वर्ध्याजवळ, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या कस्तुरबा रुग्णालयात.

इथे थोडे थांबावेसे वाटते. यंत्रांविषयी गांधीजींची मते सर्वांना माहीत आहेत, आणि शिलाईयंत्राला त्यांनी अपवाद केला होता हेही काहींना माहीत असेल. त्यांच्या गावी देशी त्वरक बसला याचा त्यांना आनंद झाला असता की नाही, यावर वाद घालणाऱ्यांनी घालावा. माझ्या दृष्टीने गोष्ट वेगळीच महत्त्वाची. अमरावतीपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, मराठी बोलणाऱ्या माणसांनी पवईत आकडेमोड करून, वाट्या कातून, निर्वातात जोडून केलेली नळी उभी राहिली. तिचा आराखडा बाहेरून आणलेला नव्हता. म्हणजे हे काम आपल्याकडे होते, झालेले आहे. अमरावतीच्या मुलाला उदाहरण द्यायचे तर कॅलिफोर्नियापर्यंत जायला नको.

आता सिम्युलेशन, पुस्तकाचा गाभा. त्याचे तीन टप्पे लेखकाने वेगवेगळे ठेवले आहेत आणि ते बरे केले. पहिला, वाटीतले क्षेत्र. वाटीचा आकार दिला की ती कोणत्या कंप्रतेला घुमेल आणि आत क्षेत्र कसे पसरेल हे काढणे. हाल्बाख आणि होल्सिंगर यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेली 'सुपरफिश' ही प्रणाली आजही या कामाला पुरते. दुसरा टप्पा, त्या क्षेत्रात हजारो-लाखो इलेक्ट्रॉन सोडून त्यांच्या वाटा काढणे. एकमेकांना ढकलणाऱ्या ऋणभारांचा हिशेब इथे येतो. तिसरा, टंगस्टनपासून पुढे रुग्णाच्या शरीरापर्यंत. इथे निश्चित वाट अशी नसतेच. फोटॉन पुढच्या सेंटिमीटरमध्ये कोणाला धडकेल की सरळ जाईल, हे फक्त संभाव्यतेने सांगता येते. म्हणून फासे टाकायचे, कोट्यवधी वेळा. १९४६ साली आजारातून उठलेला स्टॅनिस्लाव उलाम एकट्याने पत्त्यांचा डाव लावत बसला होता. डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढण्यापेक्षा शंभर डाव मांडून मोजलेली बरी, असे त्याला सुचले. फॉन नॉयमनने त्यातले मर्म ओळखले, १९४९ साली मेट्रोपोलिस आणि उलाम यांचा निबंध आला, आणि माँटे कार्लो पद्धत रूढ झाली. आज कॅनडाची ईजीएसएनआरसी आणि सर्नमधून निघालेली जिआंट-४ या प्रणाली हेच करतात.

फासे टाकण्यातली मेख चौथ्या प्रकरणात चांगली उलगडली आहे. उत्तरातली चूक निम्मी करायची तर फोटॉन चौपट सोडावे लागतात. दहावा हिस्सा करायची तर शंभरपट. रात्रभर चाललेल्या गणिताने २ टक्क्यांची अनिश्चितता दिली असेल तर १ टक्क्यासाठी चार रात्री. विद्यार्थ्यांचा धीर नेमका इथेच सुटतो. मग ते आलेखावरच्या खाचाखोचा संगणकाकडून गुळगुळीत करून घेतात आणि निबंधाला रंगीत चित्र जोडतात. लाल, पिवळा, निळा अशा पट्ट्यांचे हे चित्र फार देखणे दिसते. त्या देखणेपणाचा मला राग आहे. खाचा प्रामाणिक असतात. किती काम बाकी आहे ते सांगतात.

आणि मोजमाप. ते प्रत्यक्षात कसे होते, हे पाचव्या प्रकरणातल्या एका उदाहरणात जवळून पाहायला मिळते. यंत्राच्या तोंडाखाली पाण्याची चौकोनी टाकी ठेवतात. माणसाचे शरीर बहुतांशी पाणी, म्हणून पाणी. पृष्ठभाग उगमापासून नेमका १०० सेंटिमीटरवर. क्षेत्र दहा बाय दहा. अंगठ्याच्या पेराहून लहान असा आयनकक्ष, म्हणजे हवा भरलेली पोकळी, मोटरीने मिलिमीटर-मिलिमीटर खाली जातो आणि प्रत्येक खोलीला वाचन देतो. ६० लाख व्होल्टच्या यंत्राला सर्वाधिक मात्रा दीड सेंटिमीटर खोलीवर मिळते. १० सेंटिमीटरवर तिचा दोन-तृतीयांश भाग उरतो. आता संगणकातल्या यंत्राने हाच आलेख द्यायला हवा. पहिल्या खेपेला देत नाही. कारण टंगस्टनवर आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनांची खरी ऊर्जा आणि त्यांच्या ठिपक्याची रुंदी कारखान्याच्या कागदावर नेमकी नसते. ऊर्जा थोडी वाढवून बघायची, ठिपका एकऐवजी दोन मिलिमीटरचा करून बघायचा, पुन्हा रात्रभर गणित, पुन्हा ताडून पाहणे. खोलीचा आलेख ऊर्जेने हलतो, क्षेत्राच्या कडांचा आणि कोपऱ्यांचा आलेख ठिपक्याच्या रुंदीने. दोन्ही एकाच वेळी जुळले की समजायचे, आतले यंत्र कळले.

याच उदाहरणात गाव पुन्हा डोकावते. आयनकक्षातली हवा बाहेरच्या हवेशी जोडलेली असते. अकोला समुद्रसपाटीपासून पावणेतीनशे मीटरहून थोडे उंच आहे; तिथला हवेचा दाब संदर्भ दाबापेक्षा सुमारे ३ टक्क्यांनी कमी भरतो. कक्षात तेवढी हवा कमी, तेवढे वाचन कमी. चिखलदऱ्याला तोच कक्ष नेला, अकराशे मीटरवर, तर फरक १२ टक्क्यांच्या घरात जाईल. दाब आणि तापमानाची दुरुस्ती करायची राहिली तर आलेखाचा आकार अगदी बरोबर येतो, पण रुग्णाला दिलेली मात्रा चुकते. भौतिकशास्त्राचे शिक्षक आपल्याकडे बॅरोमीटर दाखवतात आणि कपाटात ठेवून देतात. त्यांनी हे पान वर्गात वाचावे.

भिंतीचा हिशेबही असाच हाताने करण्यासारखा आहे. या ऊर्जेच्या क्ष-किरणांना ढोबळमानाने दर ३५ सेंटिमीटर काँक्रीट दहावा हिस्सा करून सोडते. असे सहा थर म्हणजे २ मीटर १० सेंटिमीटर, आणि पलीकडे पोहोचतो दहा लाखातला एक भाग. अणुऊर्जा नियामक मंडळाला नकाशा पाठवण्याआधी संगणकावर वळणाच्या वाटेतले विखुरलेले किरण तपासावे लागतात. पण सरळ भिंतीसाठी संगणक काढणाऱ्याला मी पेन आणि कागद देईन.

किरणोत्साराशी वऱ्हाडची पहिली ओळख रुग्णालयात झाली असे मानणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. ओळख शेतात झाली. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने स्पॅनिश इम्प्रूव्हड या भुईमुगाच्या बियांवर क्ष-किरण सोडून टपोऱ्या दाण्याचे वाण मिळवले. १९७३ साली ते टीजी-१ म्हणून आले. क्ष-किरणांची नळी हा छोटासा त्वरकच: इलेक्ट्रॉन धावडवायचे, धातूवर आपटायचे. नंतरची बरीच वाणे गॅमा किरणांतून आणि त्यांच्या संकरांतून निघाली, आणि त्यात अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ बरोबरीने होते. टीएयू-१ हा उडीद १९८५ चा, टीएजी-२४ हा भुईमूग १९९१ चा. अमरावतीच्या प्रादेशिक संशोधन केंद्राच्या साथीने टीएएमएस-३८ हे सोयाबीन आले. ही वाणे पेरणाऱ्या कास्तकाराला अणुकेंद्राशी आपला संबंध आहे हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. बी चांगले उगवते, शेंग भरते, एवढे पुरेसे होते. ज्या विद्यापीठाच्या शेतावर हे घडले त्याच्या शेजारच्या महाविद्यालयांत त्यामागचे भौतिकशास्त्र शिकवले जात नाही, याचे मात्र मला नवल वाटते.

रुग्णालयाकडे येतो. वऱ्हाडात खर्रा किती खाल्ला जातो ते पानठेल्यावर पाच मिनिटे उभे राहिले तरी कळते. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदावर घोटला की झाला. त्याचे परिणाम गालात, जिभेवर, घशात दिसतात. अशा रुग्णाला रोज साधारण २ ग्रे मात्रा, आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे घ्यावी लागते. नागपूरचे रुग्णालय राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचे, अकोल्याचे संत तुकारामांच्या नावाचे. नावे योग्यच आहेत, वारीइतकीच चिकाटी इथे लागते. धारणीहून येणारा माणूस रोज ये-जा करू शकत नाही, तो नातेवाइकासह शहरात पाय रोवून राहतो, रोज मजुरी बुडवतो. आणि डोके-मानेच्या कर्करोगात उपचार लांबला तर गाठ आटोक्यात येण्याची शक्यता दर दिवसामागे एखाद्या टक्क्याने, कधी त्याहून जास्त घटते. यंत्र चार दिवस बंद पडणे याचा अर्थ इतका सरळ आहे.

म्हणून भरवसा हाही आराखड्याचाच भाग, देखभाल करणाऱ्यांवर सोडून द्यायची बाब नव्हे, असे लेखक सांगतो तेव्हा मी त्याच्याशी पूर्ण सहमत आहे. निर्वात पंप वीज गेल्यावर किती वेळ धीर धरेल, सरकत्या पट्ट्यांच्या मोटरी धुळीत किती दिवस टिकतील, सुटा भाग मुंबईहून एका रात्रीत येईल की परदेशातून महिन्याने. हल्ली आफ्रिकेतल्या रुग्णालयांसाठी सर्न आणि ब्रिटिश विद्यापीठांनी हेच प्रश्न घेऊन 'स्टेला' नावाचा प्रकल्प हाती घेतला आहे. ते प्रश्न आपलेही आहेत, आणि त्यांची माहिती, म्हणजे कोणता भाग कधी आणि का बिघडला याच्या नोंदी, आपल्याच रुग्णालयांच्या वह्यांत पडून आहे.

कोबाल्टच्या किरणयंत्राला नावे ठेवायची फॅशन मला पटत नाही. कोबाल्ट-६० ची ताकद दर महिन्याला सुमारे १ टक्क्याने कमी होते, सव्वापाच वर्षांनी निम्मी; त्याच्या झोताची कड लिनॅकइतकी धारदार नसते, आणि १० सेंटिमीटर खोलीवर मात्राही कमी पोहोचते. पण वीज गेली म्हणून तो बेसूर होत नाही. भाभा केंद्राने केलेले भाभाट्रॉन यंत्र २००५ च्या सुमारास खारघरला लागले, आणि लहान शहरांना अशा यंत्रांनी खूप आधार दिला. कोणते यंत्र श्रेष्ठ हा प्रश्न गाव सोडून विचारता येत नाही. खारघरलाच, टाटा स्मारकाच्या केंद्रात, २०२३ पासून प्रोटॉनने उपचार होतात. २३ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टचा प्रोटॉन पाण्यात ३३ सेंटिमीटर जातो आणि आपली बरीचशी ऊर्जा शेवटच्या थोड्या अंतरात टाकून थांबतो. रॉबर्ट विल्सनने हे १९४६ सालीच लिहून ठेवले होते. यंत्राचा आकार आणि खर्च पाहता ते अमरावतीला येण्याची घाई कोणी करू नये. पण त्याचे सिम्युलेशन अमरावतीत आजही होऊ शकते, आणि सहाव्या प्रकरणात ते आहे.

सायक्लोट्रॉनचे प्रकरण छोटे आहे, त्यातले एक गणित मात्र मला फार आवडले. पेट तपासणीसाठी लागणाऱ्या फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटे. सायक्लोट्रॉनपासून तीन तासांच्या गावी पोहोचेपर्यंत निघताना होते त्याचा एक तृतीयांशच उरतो. जिल्ह्याचा नकाशा घेऊन असे सायक्लोट्रॉन कुठे असावेत हे काढा, असा प्रश्न लेखकाने दिला आहे. महामार्गाच्या कोंडीचा वेळ धरायला विसरू नका, हेही कंसात आहे.

यंत्रशिक्षणावरचे सातवे प्रकरण मला घाईने लिहिलेले वाटले. संगणकाला हजार आराखडे दाखवून हजार-एकावा सुचवायला सांगणे ही आजची लाट आहे आणि तिच्यात तथ्य आहे. पण ज्याने एकही वाटी स्वतः आखलेली नाही त्याला सुचवलेली वाटी बरी की वाईट हे कळणार कसे? पुढच्या आवृत्तीत हे प्रकरण लेखकाने पुन्हा लिहावे. मॉड्युलेटरला, म्हणजे मॅग्नेट्रॉनला उच्च दाबाचे विजेचे ठोके पुरवणाऱ्या भागाला, फक्त चार पाने मिळाली आहेत, हीसुद्धा माझी तक्रार आहे. परिभाषेबद्दल नाही. लिनॅक, मॅग्नेट्रॉन, बीम हे शब्द लेखकाने तसेच ठेवले. तंत्रज्ञ ज्या शब्दांत बोलतात तेच पुस्तकात असावेत.

वाचणाऱ्याला एक सुचवतो. क्रमाने वाचू नका. आधी तिसरे प्रकरण वाचा, मग पाचवे, आणि पाण्याच्या टाकीचे उदाहरण स्वतः करून पाहा. दुसऱ्या प्रकरणातली समीकरणे त्यानंतर आपोआप हवीशी वाटतील. शिक्षकांनी शक्य असेल तर वर्गाला जवळच्या रुग्णालयात न्यावे. शनिवारी दुपारी रुग्ण संपल्यावर यंत्राची तपासणी चालते, तेव्हा भौतिकतज्ज्ञ सहसा बोलायला तयार असतात. घरी गणित लावणाऱ्यांनी परिशिष्ट दोन आधी उघडावे. वीज गेली की रात्रभराचे काम मध्येच तुटते. दर तासाला झालेले फोटॉन साठवून पुढे तिथूनच कसे सुरू करायचे, ते तिथे आज्ञांसकट दिले आहे.